टाचणी हात मागे घेत नाही

तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने काडी, मान ताठ, आणि बोलणं असं की ज्याला लागायचं त्याला बरोबर लागायचं. त्यात कामही पिनांचंच. एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला जुनी इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा होती, आणि त्या प्रयोगशाळेत टाचणी चिपांना नळ्या जोडायची.

आता चिप म्हटलं की कुणाला फोन आठवतो, कुणाला बटाटा. नवऱ्याच्या एका मित्राची तर कित्येक वर्षं समजूत होती की वहिनी वेफरच्या कारखान्यात आहेत. घरी आला की तो आशेने फडताळावरच्या डब्यांकडे बघायचा. टाचणी मग समजावून सांगायची. काडेपेटीएवढी काच असते. तिच्यावर पारदर्शक, रबरासारखा मऊ थर चिकटवलेला असतो, आणि त्या थराच्या पोटात केसाएवढ्या बारीक वाटा असतात. एका तोंडातून रक्तातल्या पेशी आत सोडायच्या, दुसऱ्यातून औषध, आणि आत काय होतं ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध लागू पडेल ते त्यावरून थोडंफार कळतं. पण पेशी काही आपल्या पायांनी चिपमध्ये चालत जात नाहीत. त्यांना नळी लागते, आणि नळी चिपला जिथे भेटते तिथे सुईएवढी पोकळ पोलादी पिन लागते. पिनेसाठी रबरात भोक पाडतात ते मुद्दाम पिनेहून थोडं लहान. म्हणजे रबरच पिनेला आवळून धरतं, गोंद नको की काही नको. पिन सरळ गेली तर जोडणी हूं की चूं करत नाही. जरा तिरकी गेली की भोकाची कड फाटते, आणि मग ब्रह्मदेव आला तरी ती गळती थांबत नाही.

"तुझं नि माझं काम एकच," नवरा म्हणायचा. तो प्लंबर होता. "माझी नळी हत्तीच्या सोंडेएवढी, तुझी मुंगीच्या मिशीएवढी, एवढाच काय तो फरक."

त्यावर ती म्हणायची, तुमची गळली तर खाली बादली लावता येते.

हे काम तिला मॅडमनी शिकवलं होतं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या काळी प्रयोगशाळेत माणसं कमी होती आणि मॅडम स्वतः टेबलाशी बसून जोडण्या करायच्या. टाचणी नुकती पदविका घेऊन आलेली. मॅडमनी तिला शेजारी बसवून घेतलं. नळी कापायची ती नव्या पात्याने आणि अगदी काटकोनात. जोडायच्या आधी नळी काठोकाठ भरायची, टोकाशी थेंब फुगला पाहिजे. चिपच्या तोंडावरही थेंब ठेवायचा, आणि मग थेंबाला थेंब भेटवायचा, कारण मध्ये हवेचा एवढासा बुडबुडा गेला तरी आतल्या बारीक वाटेत तो बूच होऊन बसतो. पहिले कित्येक दिवस टाचणीच्या जोडण्या चाळणीसारख्या गळल्या. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, पुन्हा करा. पुढे अशी वेळ आली की पाहुणे आले की मॅडम त्यांना टाचणीच्या टेबलापाशी आणून उभं करायच्या आणि नुसतं बघा म्हणायच्या.

आणि मग तिचा उजवा हात कापायला लागला.

सुरुवातीला चहाचा कप बशीवर किणकिणायचा. तिने बशी घेणं सोडलं. मग किल्ली कुलपाच्या भोकाभोवती नाचायला लागली. झोप नीट झाली नसेल, वारा लागला असेल, असं म्हणत तिने बरेच दिवस स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकली. पण हे काय आहे ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने हा हात पूर्वी बघितला होता, तिच्या बापाच्या मनगटाला.

बाबांचं सलून होतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर, दोन खुर्च्यांचं, भिंतभर आरसा. हात असा हलका की गिऱ्हाईक दाढी करता करता घोरायचं. ते हात कापायला लागले तेव्हा कुणी काही बोललं नाही. लोकांनी नुसतं समोरच्या नव्या दुकानात जायला सुरुवात केली. जाताना बाबांच्या दाराकडे बघायचं टाळायचे, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. एक दिवस बाबांनी स्वतःच शटर ओढलं. सगळ्या नातेवाइकांनी त्यांची वाहवा केली, की बघा, कुणाला काही न बोलायला लावता माणूस मानाने बाजूला झाला. त्यानंतर बाबा खिडकीत बसले. दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचे. टाचणी तेव्हा शाळेत होती. शाळेतून येताना तिला खिडकीत ते दिसायचे, आणि हात हलवून तिला बोलावतील म्हणून ती बघत राहायची. त्यांनी कधी हात वर केला नाही.

म्हणून तिने लपवलं. लपवण्याची फळं लवकरच मिळाली. एका सकाळी खाली इस्पितळातून एका रुग्ण बाईच्या रक्तातल्या पेशी आल्या. चिप तयार होती, पेशी आत गेल्या होत्या, आता फक्त औषधाची नळी जोडायची राहिली होती. टाचणीने चिमट्यात पिन धरली, भोकावर आणली, आणि हाताने झटका दिला. पिन आडवी शिरली. रबराचा थर काचेपासून उचकटला आणि ते सगळं, त्या बाईचं रक्त, तिच्या पेशी, काचेवर पसरून वाळायला लागलं.

टाचणी उठली, मॅडमच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "चिप गेली. माझ्या हाताने गेली. हात कापतो माझा, बऱ्याच दिवसांपासून कापतोय. मी सांगितलं नाही."

मॅडमनी आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. बसा म्हणाल्या. टाचणी बसली नाही.

त्या रुग्ण बाईला पुन्हा रक्त द्यायला बोलवावं लागलं. ती आली त्या दिवशी टाचणी खाली रक्त घेण्याच्या खोलीबाहेर बाकावर जाऊन बसली. असं करायची काही गरज नव्हती, कुणी सांगितलंही नव्हतं. बाई बाहेर आली, दंडावर कापूस दाबून धरलेला, आजाराने चेहरा ओढलेला. टाचणीने सांगून टाकलं की तुम्हाला आज पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली ती माझ्यामुळे. हात कापतो, पिन तिरकी गेली, वाया गेलं सगळं.

बाईने कापूस उचलून रक्त थांबलं का ते बघितलं. मग म्हणाली, "मग आता नीट करा."

एवढंच बोलून ती लिफ्टकडे गेली. टाचणी तिच्या पाठीकडे बघत राहिली. पुढे ती कितीदा तरी सांगायची, की त्या सगळ्या दिवसांत मला 'सोडून द्या' न म्हणालेलं ते एकच माणूस.

कारण बाकी सगळे भलेपणाने वागायला लागले होते, आणि भलेपणाशी भांडायचं कसं ते कुणी शिकवलेलं नसतं. सहकारी तिच्यासाठी दार उघडून धरायचे. तिच्या हातातली बाटली कुणीतरी हळूच काढून घ्यायचं. चहा आला तर तिच्या कपात अर्धाच, सांडू नये म्हणून. टाचणी कप पुढे करायची आणि म्हणायची, भरा की, चहा संपलाय का? मग भरलेला कप सगळ्यांदेखत उचलायची, थोडा सांडायचाच, आणि सांडलेलं फडक्याने पुसून ती उरलेला आरामात प्यायची.

मॅडमनी तिला बोलावून घेतलं आणि फार जपून सांगितलं. सामानाच्या खोलीला माणूस हवाच आहे. पगार तोच, खोली उन्हाची, बसून काम. तुमचा अनुभव तिथेही कामी येईल. किल्ली त्यांनी टेबलावर तिच्या बाजूला सरकवली.

टाचणीने किल्ली परत सरकवली.

"रुग्णाची चिप मी तुम्हाला आता देऊ शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, दिली असती का तुम्ही?"

"नसती दिली," टाचणी म्हणाली. "नकाच देऊ. रिकाम्या चिपा द्या. निळं पाणी सोडून बघू. ज्या दिवशी माझी जोडणी तुमच्या पंपाच्या दाबाला गळणार नाही त्या दिवशी खरी चिप द्या. आणि गळत राहिली तर मला काढून टाका, पण त्या खोलीत ठेवू नका. मी काही सामान नाही."

मॅडमना राग आला असावा, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. पण त्यांनी किल्ली खणात टाकली आणि रिकाम्या चिपांचा डबा तिच्या टेबलावर पाठवून दिला.

डॉक्टरकडे ती गेली. डॉक्टरने तिला कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली, ती रेघ करवतीच्या दातांसारखी आली. त्याने सांगितलं, यात जिवाला धोका काही नाही, घराण्यात असतं, जाणार नाही, हळूहळू वाढेल. हात नुसता मांडीवर असेल तेव्हा शांत, काम करायला गेला की कापणार, आणि कुणी बघत असेल तर जास्तच. गोळी दिली. गोळीने हात थोडा निवला, पण डोकंही निवलं. ती मायक्रोस्कोपवरच पेंगायला लागली. तिने पुन्हा जाऊन डॉक्टरला सांगितलं की झोपलेल्या बाईचा स्थिर हात मला काय कामाचा. त्याने हसून गोळी कमी केली.

घरात वेगळाच रंग होता. लेक दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर व्हायला शिकत होती. ती फोनवर चिडायची. आई, कशाला हा हट्ट, लोक काय म्हणत असतील, सरळ बसून करायचं काम मिळतंय तर घे ना. एवढी का चिडते ते टाचणीला कळायचं नाही. मायेने चिडत असेल असं ती धरून चालली. नवरा फारसं बोलायचा नाही. तो एकदा एवढंच म्हणाला, की पाईप जोडताना माझाही हात थकतो तेव्हा मी पाईप हातात धरत नाही, भिंतीला टेकवतो. बोलून तो जेवायला लागला, पण टाचणीचा घास हातातच राहिला.

दादा मात्र मुद्दाम भेटायला आला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, घरातला शहाणा, ज्याचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता. जेवणं झाली, ताटं उचलली गेली, आणि त्याने विषय काढला. बाबांची आठवण करून दिली. बाबांनी कसं वेळेवर ओळखलं, कसे कुणावर भार झाले नाहीत. "मानाने थांबावं माणसाने," तो म्हणाला. "आपल्या घराण्यात ते आहे."

"काय आहे आपल्या घराण्यात?" टाचणीने विचारलं. "कापरं आहे आपल्या घराण्यात. मान बिन काही नाही. बाबा मानाने थांबले नाहीत, दादा. त्यांना आपण सगळ्यांनी मिळून थांबवलं. तू, मी, आई, समोरच्या दुकानात जाणारे सगळे. कुणी एकाने तरी त्या खुर्चीत जाऊन बसायला हवं होतं. गालाला कापलं असतं थोडं, तर कापलं असतं."

दादा म्हणाला की असल्या गोष्टी बोलू नयेत, गेलेल्या माणसाबद्दल.

"गेलेल्याबद्दल नाही बोलत. माझ्याबद्दल बोलतेय. मी खिडकीत बसणार नाही."

दादाने नवऱ्याकडे बघितलं, तू तरी सांग अशा नजरेने. नवऱ्याने छताकडे बघितलं, जणू तिथे कुठे ओल आलीय का ते शोधत होता. दादा पाणी न पिता गेला, आणि पुढे बरेच महिने त्याचा फोन आला नाही. टाचणीला त्याचं वाईट वाटलं. पण बोललेल्यातला एक शब्दही तिने मागे घेतला नाही.

पहिली परीक्षा तिने घाईत दिली आणि तिचं नाक चांगलंच कापलं गेलं. जुन्या जीन्सच्या कापडाची वाळू भरलेली उशी शिवली होती, मनगट तिच्यावर टेकवायचं. नुसत्या टेबलापेक्षा बरं होतं, पण बोटं कापतच होती. डाव्या हाताने करून बघितलं, तो हात स्थिर खरा, पण अडाणी. मॅडम पंपाशी उभ्या राहिल्या, निळं पाणी सोडलं, आणि दाब जरा वाढवताच पिनेच्या बुडाशी निळा थेंब आला, मग त्याचा ओघळ झाला. मॅडमनी पंप बंद केला. टाचणी म्हणाली, पुसते मी. आणि संडासात जाऊन दार लावून रडली, तोंडावर पाणी मारलं, आणि परत येऊन टेबलाशी बसली.

त्या इमारतीच्या तळघरात यंत्रशाळा होती आणि तिथे मिस्त्री होते. लेथवर आयुष्य गेलेलं, डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नाहीत, आणि कायम कुणाच्या तरी नावाने बोटं मोडणं चालू. त्यांच्याकडे कुणी आपणहून जायचं नाही. टाचणी गेली. हात पुढे केला, कापतो तसा दाखवला, आणि सांगितलं की मला पिन हातात धरायचीच नाही. ती कशाला तरी टेकवायची आहे. वरून सरळ खाली यावी, इकडे नाही, तिकडे नाही, आणि मी फक्त चक्री फिरवावी.

मिस्त्रींनी आधी तिला नेहमीप्रमाणे हाकललं. वरच्या लोकांना काय, आज हे हवं, उद्या ते. मग विचारलं, "तुम्हाला सामानाची खोली देत होते म्हणे?"

"देत होते."

"मला चौकीदारी देत होते. बोटं गेली तेव्हा." त्यांनी आपला पंजा दिव्याखाली उलटा सुलटा करून बघितला. "मी म्हटलं, आठ आहेत अजून. नवव्याचं काय काम असतं लेथवर?"

अडगळीतून त्यांनी एका मोडक्या मायक्रोस्कोपचा सांगाडा काढला. त्याची भिंगं केव्हाच गेली होती, पण वरखाली करणारी चक्री शाबूत होती आणि आट्यांवर तेल घातल्यावर लोण्यासारखी फिरायला लागली. भिंगाच्या जागी त्यांनी पितळेची बारीक चिमटी बसवली, पिन धरण्यापुरती. हात कितीही थरथरला तरी तो चक्रीवर. आटे त्यातली थरथर खाऊन टाकायचे आणि पिनेपर्यंत पोचायची ती नुसती सरळ खाली येणारी चाल. हे सगळं पहिल्या फटक्यात झालं नाही. चिमटी आधी सैल झाली, मग एवढी घट्ट की पिन चेपली. दोघांची भांडणंही झाली. मिस्त्री म्हणायचे, तुम्हाला पोलाद कळत नाही. टाचणी म्हणायची, तुम्हाला रबर कळत नाही. दोघंही खरं बोलत होते.

एक अडचण उरली होती. पिन बसल्यावर तिच्यावर नळी चढवायची ती हातानेच, आणि तिथे एका झटक्यात सगळं पाण्यात जायचं. तेव्हा टाचणीने उलटं केलं. चिप जवळ नसतानाच, वाळूच्या उशीवर मनगट टेकवून, आधी नळीत पिन बसवायची. चुकलं तर नळीचं टोक कापून पुन्हा. मग नळीसकट पिन चिमटीत धरायची, नळीचं ओझं पिनेवर येऊ नये म्हणून ती वर सांगाड्यालाच पट्टीने चिकटवायची, टोकाशी थेंब फुगवायचा, आणि चक्री फिरवत हळूहळू थेंबावर थेंब उतरवायचा. वेळ लागायचा. शेजारच्या मुली तेवढ्या वेळात तीनतीन चिपा जोडून गप्पा मारत बसायच्या. टाचणीने त्यांच्याकडे बघायचं सोडून दिलं.

दुसऱ्या परीक्षेच्या वेळी तिने मॅडमना सांगितलं की सगळ्यांना बोलवा. मॅडमना वाटलं, कशाला, बघणारे असले की हात जास्त कापतो ना? टाचणी म्हणाली, म्हणूनच.

सगळे आले. मिस्त्रीही वर आले आणि दारात हाताची घडी घालून उभे राहिले, जसे काही वाट चुकून आलेत. हात डॉक्टरने सांगितलं होतं तसाच वागला, चक्रीपर्यंत जाताना फांदीसारखा हलला. कुणीतरी नजर दुसरीकडे वळवली. टाचणीने मान न वळवता सांगितलं, "बघा की इकडे. बघण्यासाठीच बोलावलंय."

पिन उतरली. थेंब थेंबात मिसळला. मॅडमनी पंप चालू केला, निळी रेघ बारीक वाटांतून पळत गेली, आणि त्यांनी दाब वाढवायला सुरुवात केली. त्या अप्रामाणिक बाई नव्हत्या. ज्या दाबाला इतरांच्या जोडण्या तपासायच्या, तिथे त्या थांबल्या, आणि मग आणखी वाढवला, कारण रुग्णाचं रक्त त्यांनाच सांभाळायचं होतं. पिनेचं बूड कोरडं राहिलं. त्यांनी आणखी चिपा करायला लावल्या. एक गळली. टाचणीने ती उचलून बाजूला ठेवली आणि पुढची घेतली. बाकीच्या टिकल्या.

"एक गळली," मॅडम म्हणाल्या.

"गळली. बाकीच्यांची गळत नाही का?"

मॅडमनी खरं ते सांगितलं, गळते.

त्यानंतर ठरलं ते असं की ज्या प्रयोगांत जोडणी सावकाश करता येते आणि मग ती दिवसेंदिवस टिकावी लागते, ते टाचणीकडे. घाईचं काम इतरांकडे. तिचा सांगाडा दुसऱ्या कुणी फारसा वापरला नाही. ज्यांचे हात स्थिर होते त्यांना तो लचांड वाटायचा, आणि तसं वाटण्यात त्यांची चूक नव्हती. टाचणीला त्याचं काही नव्हतं. तिला कुणाला धडा शिकवायचा नव्हता, तिला तिचं टेबल हवं होतं. ते मिळालं. पहिली खरी चिप मॅडमनी स्वतः आणून तिच्यासमोर ठेवली. चहा पूर्ववत भरून यायला लागला.

सुट्टीला लेक घरी आली. सकाळी स्वयंपाकघरात टाचणी पाव कापत होती, सुरी फळीवर टकटक वाजत होती, आणि लेक तिच्या हाताकडे टक लावून बघत होती. टाचणीला वाटलं, आता पुन्हा तेच सुरू होणार. पण लेक म्हणाली, "आई, मला पण येईल ना हे?"

तेव्हा टाचणीच्या लक्षात आलं की फोनवरची ती सगळी चिडचिड कशाची होती. पोरगी दातांची डॉक्टर व्हायला निघालेली. माणसांच्या तोंडात अणकुचीदार हत्यारं घालायची. आईचा हात बघून ती एवढे दिवस एकटी स्वतःच्या हाताची राखण करत बसली होती.

खोटं बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने सुरी खाली ठेवली. "येईल किंवा नाही येणार. डॉक्टर म्हणाला, निम्मं निम्मं."

"आलं तर?"

"तर तेव्हा बघू. आज तुझा हात कापतोय का? नाही ना? मग आज दात शिक. हात कापायच्या आधीच घाबरून शिकायचं सोडलंस, तर हाताने काही केलेलं नसताना त्याला शिक्षा."

लेक रडली, आणि टाचणीने तिला रडू दिलं. मग लेकीने सुरी उचलली आणि उरलेला पाव कापला. जाड, वेडेवाकडे तुकडे. नवऱ्याने टेबलाशी येऊन ते बघितलं आणि विचारलं, हे दोघींपैकी कुणी कापलेत? कुणीच कबूल केलं नाही.

टाचणीचं काम पुढे बरीच वर्षं चाललं. कापरं वाढलं, डाव्या हातातही उतरलं. दिवस सारखे नव्हते. काही दिवस असे यायचे की सकाळपासून एकही पिन नळीत बसायची नाही, आणि ती चिमटा टेबलावर आपटून खिडकीशी जाऊन उभी राहायची. उभीच राहायची, बसायची नाही. दादाशी बोलणं पुन्हा सुरू झालं, पण त्या विषयाला दोघांनीही हात लावला नाही.

आणि मग पिनांचा जमानाच संपत आला. कडक प्लास्टिकच्या नव्या चिपा निघाल्या, त्यांच्या तोंडाला बाटलीच्या झाकणासारखे आटे. नळीच्या टोकाला स्क्रू, तो फिरवून घट्ट करायचा की झालं. प्रयोगशाळेत कुजबूज झाली, आता टाचणीला कसं वाटेल. तिला मजा वाटली. आता स्थिर हातवाल्यांची हुशारीही तिच्या हुशारीबरोबर अडगळीत जाणार होती. तिने मिस्त्रींना खाली जाऊन बातमी सांगितली. मिस्त्री तोवर निवृत्तीला आले होते. त्यांनी नव्या चिपला, ती बनवणाऱ्यांना आणि प्लास्टिक या पदार्थालाच शिव्या घातल्या.

नव्या चिपा दाखवायला विक्रेता आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मॅडमनी टाचणीला पुढे बोलावलं. तिने चिप घेतली, स्क्रू उचलला, आणि तिचे दोन्ही हात हलताना बघून विक्रेत्याने अदबीने पुढे होत म्हटलं, "राहू द्या ताई, मी करून दाखवतो."

"तुम्ही जरा लांब उभे राहा," टाचणी म्हणाली. "गळलं तर शर्टावर उडेल."

तो दोन पावलं मागे सरला. तिने स्क्रू आट्यांवर टेकवला, तो दोनदा घसरला, तिसऱ्यांदा बसला. तिने तो बोटांनी होईल तेवढा घट्ट केला, पंप चालू केला आणि निळं पाणी सोडलं. सगळे वाकून बघत होते. जोडणी कोरडी होती. विक्रेता हसला आणि बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात टाचणीने पंपाचा दाब आणखी वाढवला.